बॉम्बपासून बोनसपर्यंत: डिक्शनरीच्या दोन पानांवरचे शेजारी

कानात हेडफोन असतील तर उत्तम. प्रवासात रेंज नाही म्हणून तुम्ही हे नुसतं वाचत असाल तरी उत्तम.

आजचा विषय माझ्या भाचीमुळे सुचला. तिला स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी कॉलेजमधून बोनाफाईड आणायचं होतं. दोन दिवस खिडकीसमोर रांग लावून ते मिळालं आणि मग तिचा मेसेज आला, 'मामा, बोनाफाईड म्हणजे नक्की काय रे?' एरवी मी फोनवर शोधून एका ओळीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी फोन चार्जिंगला होता, म्हणून कपाटातली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी काढली. बोनाफाईड सापडलं. पण मी तिथेच थांबलो नाही. त्याच्या वर कोण, खाली कोण, समोरच्या पानावर कोण, असं करत तासभर गेला.

फोनमध्ये हे होत नाही. शब्द टाइप केला की तोच एक शब्द समोर येतो, बाकी स्क्रीन रिकामी. छापील डिक्शनरीत शब्द चाळीतल्यासारखे राहतात, भिंतीला भिंत लावून. आणि चाळीत असतं तसंच, शेजार आपण निवडलेला नसतो. स्पेलिंगने ज्याला जी खोली दिली ती त्याची. ग्रीक, लॅटिन, जुनी इंग्रजी, स्पॅनिश आणि चक्क आपली मराठी, सगळे एकाच मजल्यावर. आज आपण बी-ओ-एम ते बी-ओ-एन एवढाच मजला फिरणार आहोत. बॉम्बपासून बोनसपर्यंत. या मजल्यावर एक खोली अशी आहे, जिच्यातली बाई जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध इंग्रजी कोशातून एकदा चक्क गायब झाली होती. तिच्यापर्यंत आपण सावकाश पोहोचू.

आधी या चाळीची रचना कुणी केली ते थोडक्यात. आज आपल्याला वाटतं, डिक्शनरी म्हणजे ए-बी-सी-डी, त्यात सांगायचं काय? पण १६०४ मध्ये लंडनला रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराने पहिला फक्त इंग्रजीचा कोश छापला, साधारण अडीच हजार अवघड शब्दांचा, तेव्हा त्याला वाचकांना हे समजावून सांगावं लागलं की बाबांनो, आधी अक्षरांचा क्रम पाठ करा. शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला बघा, 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे. म्हणजे हा क्रम वापरणं हीसुद्धा एक नवी शिकायची गोष्ट होती. आपल्या वर्णमालेत क-ख-ग-घ-ङ एकत्र का, तर ते तोंडात एकाच ठिकाणाहून निघतात. त्या क्रमाला कारण आहे. ए नंतर बी का, याला तसं काही कारण नाही. तो पूर्वापार चालत आलेला क्रम आहे, बस. त्यामुळे इंग्रजी डिक्शनरीतला शेजार शुद्ध योगायोगाचा असतो.

चला, पहिली खोली. बॉम्ब. मूळ ग्रीक शब्द 'बॉम्बॉस', म्हणजे खोल घुमणारा आवाज. तो लॅटिनमध्ये गेला, तिथून इटालियनमध्ये, आणि दारूगोळ्याच्या जमान्यात फुटणाऱ्या गोळ्याचं नाव झाला. आपल्याकडे होळीला आपण बोंब मारतो, ती याची बहीण वाटते, पण ती नाही. दोन्ही शब्द आवाजाची नक्कल करतात, एवढंच त्यांचं साम्य.

त्याच्या शेजारी बॉम्बास्ट. हा शब्द कदाचित तुम्ही वापरत नसाल, पण ज्याला तो लागू पडतो अशी माणसं रोज टीव्हीवर बघता. पोकळ, फुगवलेलं, भपकेदार बोलणं म्हणजे बॉम्बास्ट. साहजिकच वाटतं, बॉम्बवरून आला असणार, मोठा आवाज वगैरे. पण नाही. बॉम्बास्ट म्हणजे कापूस! सोळाव्या शतकात इंग्लंडमधले फॅशनेबल पुरुष अंगरख्यात कापूस कोंबून छाती-पोट फुगवत असत. त्या भरणीला हा शब्द होता. मग कुणीतरी भाषणालाही तोच लावला, आत कापूस भरलेलं बोलणं. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीनच्या नावावर निघालेल्या एका पुस्तिकेत लंडनच्या नाटकवाल्यांतल्या एका नवख्याला टोमणा मारताना हाच शब्द क्रियापद म्हणून वापरलाय. तो नवखा म्हणजे शेक्सपिअर, असं अभ्यासक मानतात.

या कापसाची मुळं आणखी मागे जातात. ग्रीक 'बॉम्बिक्स' म्हणजे रेशमाचा किडा. रेशमाचा शब्द लॅटिनमध्ये फिरत फिरत कापसाला चिकटला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच घराण्यातला 'बॉम्बॅक्स' हा शब्द घेऊन एका झाडाला दिला, बॉम्बॅक्स सैबा. म्हणजे आपली काटेसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक्स्प्रेसवेवरून जाताना एक पान नसलेलं आणि लालभडक फुलांनी भरलेलं जे झाड दिसतं ना, ते. त्याच्या बोंडातून उडणारी म्हातारी आणि टीव्हीवरचं भपकेबाज भाषण हे शब्दाच्या नात्याने भाऊबंद आहेत. दोन खोल्या पुढे बॉम्बझीन नावाचं कापड राहतं, युरोपात बायका सुतकात नेसायच्या ते काळं कापड. तेही या रेशमी घराण्यातलंच. म्हणजे बॉम्ब आणि बॉम्बास्ट शेजारी असून परके, आणि बॉम्बास्ट-बॉम्बझीन खरे सख्खे.

पण या दोघांच्या मधे कोण राहतं? बॉम्बे. आणि बॉम्बेच्या हाताला धरून बॉम्बे डक.

बॉम्बे हे पोर्तुगीजांच्या 'बोंबाईम'वरून इंग्रजांनी केलेलं रूप. 'बॉम बाहिया', म्हणजे चांगला उपसागर, यावरून हे नाव आलं ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. ऐकायला छान आहे. अडचण एवढीच की पोर्तुगीजमध्ये 'बाहिया' स्त्रीलिंगी आहे. पोर्तुगीज माणूस 'बोआ बाहिया' म्हणेल. आपण 'चांगला नदी' म्हणत नाही, तसंच ते. मुंबादेवीचं नाव पोर्तुगीज जिभेवर वाकडं झालं, हा खुलासा जास्त पटणारा आहे.

आणि बॉम्बे डक म्हणजे बदक नव्हे, हे मुंबईकरांना सांगायची गरज नाही. आपला बोंबील. ओला असताना लिबलिबीत, रव्यात घोळून तळला की कुरकुरीत, आणि बांबूंवर टांगून सुकवला की अख्ख्या गल्लीला कळेल असा. इंग्रजांनी त्याला 'बमेलो' असंही म्हटलं, आणि तो शब्द मराठी 'बोंबील'वरून आला असं इंग्रजी कोशच सांगतात. 'डक' कुठून आलं, यावर मात्र एक गोष्ट व्हॉट्सॲपवर कायम फिरते: सुके बोंबील रेल्वेच्या टपालगाडीतून, म्हणजे 'बॉम्बे डाक'मधून जायचे, डब्याला वास यायचा, म्हणून डाकचं डक झालं. गोष्ट फर्मास आहे, मीही कॉलेजात असताना चार जणांना सांगितली आहे. पण बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये सुटली, आणि या माशासाठी 'बॉम्बे डक' हे नाव इंग्रजीत त्याच्या आधीपासून छापलेलं सापडतं. गाडीच्या आधी गाडीचा वास कसा येईल? मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या गोऱ्यांनाही बाकीचे इंग्रज 'डक्स' म्हणून चिडवायचे, अशी नोंद हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशात आहे.

आता एम संपलं, एन सुरू. आणि पहिल्याच काही खोल्यांत आमच्या भाचीचं बोनाफाईड. लॅटिन, दोन शब्द: बोना फिदे. चांगल्या विश्वासाने, सद्भावनेने. रोमन कायद्यात याला फार महत्त्व होतं. समजा तुम्ही एक बैल विकत घेतलात आणि तो चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, तर तुम्ही सद्भावनेने घेतलात का, हा प्रश्न कोर्टात महत्त्वाचा ठरायचा. तिथून तो जगभरच्या कायद्यात पसरला, आणि शेवटी आपल्या शाळा-कॉलेजांच्या खिडकीवर येऊन सर्टिफिकेटचं नावच झाला. विशेषणाचं नाम करून टाकायची आपली ही सवय मला आवडते. 'बोनाफाईड काढलं का?' लॅटिनच्या प्राध्यापकाला झीट येईल, पण खिडकीतल्या क्लार्कला बरोबर कळतं.

त्याच्याच बाजूला बोनान्झा. सेलच्या जाहिरातींत तुम्ही वाचलाय. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ शांत समुद्र, चांगलं हवामान. खाणकामगारांनी तो उचलला, खोदताना भरपूर धातू लागला की बोनान्झा. अमेरिकेत नेवाडामधल्या कॉमस्टॉकच्या खाणीत १८७३ मध्ये चांदीचा प्रचंड साठा लागला, त्याला 'बिग बोनान्झा'च म्हणतात. पण खरी गंमत याच्या जन्मात आहे. समुद्राच्या शांततेसाठी लॅटिनमध्ये शब्द होता 'मलाकिया', ग्रीकमधून आलेला, मूळ अर्थ मऊपणा. लोकांना वाटलं, यातला 'मल' म्हणजे वाईट. समुद्र शांत असणं ही तर चांगली गोष्ट, तिला वाईट का म्हणायचं? म्हणून त्यांनी 'मल' काढून 'बोन' घातलं, चांगलं. म्हणजे नसलेला अपशकुन काढायला शब्दच बदलला. आज लाखो लोक तो बदललेला शब्द बिनधास्त वापरतात आणि कुणाचंही काही अडत नाही.

आता आवाज थोडा खाली आणतो. कारण पुढच्या तीन खोल्या आहेत बॉण्ड, बॉण्डेज आणि बॉण्डमेड.

बॉण्ड तुमच्या रोजच्या ओळखीचा. बॉण्ड पेपर, गुंतवणुकीचा बॉण्ड, एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेचा बॉण्ड. मूळ अर्थ बांधणारी गोष्ट. इंग्रजीतलं बाइंड, बॅण्ड आणि आपलं बांधणं, बंध, हे सगळे एकाच जुन्या मुळाचे, हे भाषाशास्त्रात पक्कं आहे. इथे शेजारही खरा आणि नातंही खरं.

मग बॉण्डेज म्हणजे बांधलेलं असणं, गुलामी, असंच तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण बॉण्डेजचं मूळ हे नाहीच. ते आलंय 'बोंडा' या जुन्या इंग्रजी शब्दावरून, आणि तो आलाय स्कॅन्डिनेव्हियातल्या 'बोन्डी'वरून. अर्थ: घर असलेला माणूस. घरधनी, जमीन कसणारा शेतकरी. यात बांधण्याचा काही संबंध नाही, उलट हा आपल्या पायावर उभा असलेला मोकळा माणूस. इंग्रजीतला हजबंड तिथूनच आलाय, 'हूस' म्हणजे घर, अधिक बोन्डी. बॉण्ड हे आडनावही याच शब्दातून आलंय. म्हणजे टक्सिडो घालून मार्टिनी मागणारा जेम्स बॉण्ड आडनावाने शेतकरी आहे. आता तो तुम्हाला वेगळाच दिसेल. जाता जाता, इयन फ्लेमिंगने ते नाव घेतलं एका पक्षितज्ज्ञाकडून. वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव खरोखरच जेम्स बॉण्ड होतं.

मग घरधनी शेतकऱ्याचा गुलाम कसा झाला? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. जमिनी नव्या सरदारांच्या ताब्यात गेल्या. जो कालपर्यंत आपली जमीन कसत होता, तो आता सरदाराच्या जमिनीवर राबू लागला. ती सोडून जायची त्याला मुभा नाही. माणूस तोच, त्याला हाक मारायचा शब्दही तोच, फक्त परिस्थिती घसरली आणि तिच्यासोबत शब्दाचा अर्थ घसरला. बोंडा म्हणजे शेतकरी, मग कूळ, मग वेठीचा माणूस. आणि तो घसरत घसरत ज्या पायरीवर पोहोचला तिथे बांधण्याचा 'बॉण्ड' राहतच होता. दोघे दिसायला सारखे. लोकांनी गृहीत धरलं की हे एकच. बांधलेला, म्हणून बॉण्ड.

हे वाचताना मला मराठीतला एक शब्द आठवला आणि मी उठून मोल्सवर्थ काढला. जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. शब्द: कुणबीण. त्यात दोन अर्थ आहेत. एक, कुणबी स्त्री. दुसरा, गुलाम स्त्री, दासी.

आता जरा थांबून बघा. कुणबी हा शब्द अभ्यासक संस्कृत 'कुटुंबिन्'पर्यंत नेतात. म्हणजे काय? कुटुंब असलेला, घरधनी. त्याचा अर्थ झाला शेतकरी. अगदी बोन्डीसारखाच. आणि त्याच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या किंवा सरकारात जमा केलेल्या बायकांसाठी येतं. बटकी आणि कुणबिणी. किल्ल्यांवर, कोठ्यांवर, पागेत त्या राबायच्या. दुष्काळात विकल्या गेलेल्या, आणि बदकर्माचा आरोप ठेवून शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या बायकाही त्यांत होत्या. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या, किमतीच्या नोंदी आहेत. कोकणापासून हजारो मैल दूर असलेल्या इंग्लंडमध्ये आणि इथे, घरधनी या अर्थाचा शब्द त्याच उतारावरून घरंगळला. फरक एवढाच की इकडे पुरुषाचा शब्द जागेवर राहिला, बाईचा घसरला. ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३च्या कायद्याने काढली गेली. मोल्सवर्थच्या १८५७च्या पानावर मात्र अर्थ तसाच होता. कायदा शब्द पुसत नाही.

आणि आता ती हरवलेली खोली. बॉण्डमेड. मेड म्हणजे मुलगी, दासी. बॉण्डमेड म्हणजे वेठीची, मालकीची बाई. इंग्रजीतली कुणबीण. बायबलच्या १६११च्या प्रसिद्ध किंग जेम्स भाषांतरात हा शब्द आहे, म्हणजे इंग्लंडच्या खेडोपाडी रविवारी चर्चमध्ये तो कानावर पडत होता. काही आडबाजूचा शब्द नव्हे.

जेम्स मरे नावाचा स्कॉटिश शिक्षक १८७९ पासून आज आपण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणतो ती तयार करत होता. पद्धत अशी: देशोदेशीचे वाचक पुस्तकं वाचायचे, शब्द आणि तो जिथे आला ते वाक्य एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. अक्षरशः टनांनी चिठ्ठ्या. मरेने बागेत एक पत्र्याची खोली बांधली, तिला स्क्रिप्टोरियम असं भारदस्त नाव दिलं आणि आत १,०२९ कप्पे केले. त्याला ११ मुलं. खाऊच्या पैशांवर ती पोरं चिठ्ठ्या अक्षरांच्या क्रमाने लावायची. म्हणजे आपण ज्याला शेजार म्हणतोय ना, तो आधी त्या पोरांच्या हातांखालून जायचा. त्याच्या आधीच्या संपादकांकडून आलेल्या चिठ्ठ्यांची तर काय दशा होती! एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. 'पी-ए'च्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, त्यातल्या बऱ्याचशा तिथे चूल पेटवायला वापरून झाल्या होत्या. दहा वर्षांत काम संपवायचा करार होता. पाच वर्षांनी पहिला भाग छापून आला तेव्हा गाडी 'ए-एन-टी'पर्यंत पोहोचली होती. अँट. मुंगी.

१८८७ मध्ये 'बॅटर' ते 'बॉझ' हा भाग निघाला. त्यात बॉण्ड होता, बॉण्डेज होता, बॉण्डमन होता. बॉण्डमेड नव्हती. तिच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कुठल्यातरी पुस्तकांमागे पडला होता असं सांगतात. आणि हे कुणाच्या लक्षात आलं? संपादकांच्या नाही. १९०१ मध्ये मरेने या चुकीबद्दल विचारणाऱ्या एका वाचकाला पत्र लिहिलं. हस्तलिखितापासून छपाईच्या पाट्यांपर्यंत किमान तीस जणांच्या नजरेखालून हे पान गेलं आणि एकालाही शब्द नाही हे दिसलं नाही, हे कसं झालं ते मला समजत नाही, असा त्याचा सूर होता. नाव शोधूनही सापडत नाही म्हटल्यावर कुणालातरी खटकलं, तोवर पान छापून चौदा वर्षं झाली होती.

मला यात तीस जणांचा हलगर्जीपणा दिसत नाही. हे झपाटल्यासारखं काम करणारे लोक होते. पान पान पुन्हा पुन्हा तपासायचे. पण छापलेल्या पानावर चुकीचा शब्द दिसतो, नसलेला शब्द दिसत नाही. त्याचे शेजारी एकमेकांना चिकटून बसतात आणि मधली फट बुजते. डब्यात एक जण उठला की बाकीचे थोडे थोडे सरकतात, तसं. नेमकी मालकीची बाई सांगणारा शब्द असा निसटला, याला मी कट म्हणणार नाही, योगायोगच तो. पण तीस जणांपैकी कुणाला तिची आठवण झाली नाही, त्याबद्दल मी योगायोग हा शब्द इतक्या सहज वापरणार नाही. त्या पानावर तिच्यासारखं जगलेलं कुणीही काम करत नव्हतं. तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.

मरे १९१५ मध्ये वारला. कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला, चार लाख चौदा हजारांहून जास्त शब्दांचा. बॉण्डमेड तेव्हाही बाहेरच. १९३३ मध्ये पुरवणी निघाली, तिच्यात ती आली.

हुश्श. पुढची खोली हलकी आहे. बोन, हाड. आणि लगेच बॉनफायर, शेकोटी. १७५५च्या आपल्या गाजलेल्या कोशात सॅम्युएल जॉन्सनने बॉनफायरची फोड केली फ्रेंच 'बॉन' अधिक फायर, चांगली आग, आनंदाची आग. पटतं ना? चूक. ती आहे हाडांची आग, बोन-फायर. जॉन्सनला उत्तर शेजारच्या खोलीत होतं आणि तो फ्रान्सपर्यंत गेला. मरेच्या कोशात याची नोंद आहे की स्कॉटलंडमधल्या हॉइक गावात उन्हाळ्यातल्या वार्षिक होळीसाठी साधारण १८०० सालापर्यंत जुनी हाडं साठवून ठेवायचे. मरे मूळचा त्याच भागातला. विद्वत्तेपेक्षा गावची आठवण कामी आली, असं मला आपलं वाटतं.

बॉनेट, बोन्साय वगळतो. बोन्सायमधला 'बॉन' जपानी आहे, उथळ कुंडी, त्याचं इथल्या कुणाशीच नातं नाही. सरळ मजल्याच्या टोकाला जाऊ. बोनस.

लॅटिनमध्ये बोनस म्हणजे चांगला. नुसतं विशेषण, पुल्लिंगी. अठराव्या शतकात लंडनच्या शेअर बाजारातल्या लोकांनी वरकमाईला हे नाव दिलं. लॅटिन नीट येत असतं तर त्यांनी 'बोनम' म्हटलं असतं, चांगली गोष्ट. म्हणजे व्याकरण चुकलेला शब्द. पण मुंबईत या शब्दावरून जे झालं त्यात व्याकरणाचा प्रश्न नव्हता. पोटाचा होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्यांनी भरपूर नफा कमावला. काही वर्षं मालकांनी कामगारांना वार्षिक बोनस दिला. १९२३ चा दिला नाही, धंदा बसलाय म्हणाले. जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार, साधारण दोन महिने. सरकारने मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीपुढचा प्रश्न खरं तर एका शब्दाच्या अर्थाचा होता: बोनस म्हणजे बक्षीस की हक्क? मालकांचं म्हणणं, आम्ही खूश होऊन दिलं, वाटेल तेव्हा देऊ. कामगारांचं म्हणणं, दर वर्षी मिळतं ते आमच्या कमाईतच धरलेलं आहे, त्यावर उधारी घेतलेली आहे. समितीने निकाल दिला की कामगारांचा या बोनसवर कायद्याने, रूढीने वा न्यायाने असा कुठलाच हक्क शाबीत होत नाही. कामगार कामावर परतले, बोनस न घेता.

इंग्रजी डिक्शनरी त्या दिवशी समितीच्याच बाजूने होती. ठरलेल्या रकमेच्या वर खुशीने दिलेलं, असंच तिथे लिहिलेलं होतं. गिरणगावातला अर्थ वेगळा होता आणि तो कुठेच छापलेला नव्हता. तो छापून यायला चार दशकं लागली. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे. हा विचित्र आकडा का? शंभराला बाराने भागा. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. कंपनीला तोटा झाला तरी, कायदा लागू असलेल्या कामगाराला हा किमान बोनस मिळतो. खुशीचा प्रश्नच संपला.

भाचीला मी हे सगळं दहा व्हॉइस नोट्समध्ये पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'मामा, मला फक्त अर्थ हवा होता. फॉर्म कालच भरला.'

तर मंडळी, पुढच्या भागात याच्या उलटी गोष्ट: 'डॉर्ड' नावाचा एक शब्द, जो जगात कुणी कधी बोललाच नव्हता, पण अमेरिकेतल्या एका नामांकित डिक्शनरीत वर्षानुवर्षं मजेत राहत होता, दोन खऱ्या शब्दांच्या मधे. तोपर्यंत घरात छापील डिक्शनरी असेल तर काढा, कुठलंही पान उघडा आणि तिथले शेजारी मला कळवा. मोल्सवर्थ चालेल, इंग्रजी चालेल. भेटूच.